पाच सोलर फार्म आणि एक कमजोर ग्रिड : वेस्ट मरेचं प्रकरण

सप्टेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रिड ऑपरेटरने, म्हणजे एईएमओने, पाच चालू सोलर फार्मना कळवलं की तुमचं आउटपुट निम्म्यावर आणा. व्हिक्टोरिया राज्यातले कॅराडॉक, बॅनर्टन, वेमेन आणि गन्नावारा हे चार, आणि न्यू साउथ वेल्समधलं ब्रोकन हिल. ऊन भरपूर होतं, पॅनल ठणठणीत होते, लाइन ओव्हरलोड नव्हत्या, इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज ग्रिडच्या एसीत बदलणारी यंत्रं, जगभर चालणाऱ्या एका जर्मन कंपनीचे, एसएमएचे होते आणि प्रत्येक फार्म कनेक्शनच्या वेळची सगळी तपासणी पास होऊन आलेला. तरी जवळपास सात महिने हे बंधन राहिलं, आणि एप्रिल २०२० मध्ये जेव्हा उठलं तेव्हा या पाच फार्मसाठी ना नवी लाइन टाकली होती ना नवं मशीन बसवलं होतं, बदलली होती ती इन्व्हर्टरच्या कंट्रोलची सेटिंग्ज.

मला हे प्रकरण फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे पॉवर क्वालिटी म्हटलं की चर्चा थेट हार्मोनिक्सवर जाते, म्हणजे ५० हर्ट्झच्या मूळ वेव्हवर चढणाऱ्या जास्त वारंवारतेच्या वेव्हवर, टीएचडी, म्हणजे त्यांचं एकूण प्रमाण, किती, ५ टक्क्यांच्या आत आहे का, फिल्टर कुठला, आणि रिपोर्ट बरा आला की विषय संपला. हार्मोनिक्स महत्त्वाचे आहेतच, इन्व्हर्टरमधले आयजीबीटी नावाचे सेमीकंडक्टर स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात, त्यातून जो कचरा निघतो तो कॉइल आणि कपॅसिटरच्या एलसीएल फिल्टरने गाळावा लागतो आणि त्या फिल्टरचं सबस्टेशनमधल्या कपॅसिटर बँकेशी रेझोनन्स झालं तर त्रास होतो. पण ते बऱ्यापैकी सुटलेलं गणित आहे. वेस्ट मरेमध्ये, म्हणजे या पाच फार्मच्या भागात, जे झालं ते ५० हर्ट्झच्या वरचं नाही, खालचं होतं, व्होल्टेज स्वतःच हळूहळू हेलकावे खायला लागेल अशी भीती होती, आणि तिथे फिल्टरचा काही उपयोग नसतो, तिथे कामाला येतं ते फक्त कंट्रोल.

भाग कसा आहे ते आधी बघा

मरे नदीच्या काठचा हा पट्टा, मिल्डुरा, रेड क्लिफ्स, केरांग, बुरोंगा ही गावं. ऊन चांगलं, जमीन सपाट, वस्ती विरळ, म्हणजे सोलरवाल्यांना पाहिजे तसं सगळं. पण इथल्या २२० केव्ही लाइन कधीकाळी गावांना आणि खाणींना वीज पोचवायला म्हणून टाकलेल्या, उलट दिशेने शेकडो मेगावॅट बाहेर काढायला नाही. बुरोंगापासून ब्रोकन हिलला जाणारी एकच २२० केव्ही लाइन साधारण २६० किलोमीटरची आहे! मोठी फिरणारी मशीन, म्हणजे लॅट्रोब व्हॅलीतली कोळशावरची केंद्रं किंवा स्नोवी पर्वतातलं हायड्रो, ती सगळी शेकडो किलोमीटर लांब. नकाशावर या भागातल्या लाइन जोडल्या की तिरका चौकोन दिसतो, आणि तिथल्या सोलर क्षेत्रातल्या लोकांनी त्याला पुढे 'ऱ्होम्बस ऑफ रिग्रेट', म्हणजे पश्चात्तापाचा चौकोन, असंच नाव पाडलं. ज्यांचे पैसे त्यात अडकले होते त्यांचं दुःख त्या नावात आहे.

ग्रिड कमजोर आहे की मजबूत हे मोजायचा एक साधा आकडा असतो, एससीआर, शॉर्ट सर्किट रेशो. त्या जागी फॉल्ट, म्हणजे शॉर्ट सर्किट, झाला तर ग्रिडकडून किती एमव्हीए येतील (ही फॉल्ट लेव्हल), भागिले प्लांट किती मेगावॅटचा. ३ च्या खाली गेला की ग्रिड कमजोर धरतात. उदाहरणादाखल गोल आकडे घेतो, हे वेस्ट मरेचे मोजलेले आकडे नाहीत. समजा एका बसवर, म्हणजे सबस्टेशनमधल्या जोडणीच्या जागी, फॉल्ट लेव्हल ६०० एमव्हीए आहे आणि १०० मेगावॅटचा एक प्लांट आला तर रेशो ६, छान आहे. आता त्याच परिसरात तसेच अजून तीन आले, प्रत्येकाच्या अर्जात ६ च लिहिलंय, पण खरं म्हणजे ४०० मेगावॅटमध्ये ते ६०० वाटून घ्यायचेत, म्हणजे १.५. आणि तिथली एक लाइन ट्रिप होऊन, म्हणजे आपोआप बंद पडून, फॉल्ट लेव्हल ४०० वर आली की रेशो १. कागदावर सगळे पास, आणि एकत्र उभे केले की नापास. माझ्या मते हे सगळं प्रकरण या एका भागाकारात आहे.

इन्व्हर्टर काय करत होते

आज बसवले जाणारे बहुतेक सोलर इन्व्हर्टर ग्रिड-फॉलोइंग असतात. म्हणजे ग्रिडचं व्होल्टेज आधी असतंच असं धरून ते चालतात, पीएलएल नावाचा भाग त्या व्होल्टेजची फेज, म्हणजे वेव्ह कुठल्या क्षणी कुठे आहे ते, पकडतो, त्या फेजनुसार आतला करंट लूप, म्हणजे मोजून सतत दुरुस्त करत राहणारा कंट्रोल, करंट सोडतो, हा लूप खूप फास्ट असतो, त्याच्या बाहेर व्होल्टेज आणि रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी) सांभाळणारा लूप, आणि सगळ्यात बाहेर अख्ख्या प्लांटचा कंट्रोलर, जो सेकंदांच्या हिशोबाने सावकाश आदेश देतो. दिंडीत टाळकरी पखवाज ऐकून टाळ वाजवतो तसंच हे. पखवाज जवळ असेल तर शंभर टाळकरीही एका ठेक्यात, पण पखवाज लांब गेला आणि शेजारच्याचाच टाळ जास्त ऐकू यायला लागला की जो तो शेजाऱ्याला बघून आपला ठेका दुरुस्त करतो, शेजारी याला बघून करतो, आणि कोणाचीच चूक नसताना ठेका डुलायला लागतो.

ग्रिडच्या भाषेत सांगायचं तर गणित असं. व्होल्टेज जरा पडलं की इन्व्हर्टर रिअॅक्टिव्ह करंट वाढवतो, त्या करंटने व्होल्टेज किती उचललं जाणार ते ग्रिडच्या इम्पिडन्सवर, म्हणजे करंटला होणाऱ्या एकूण अडथळ्यावर, ठरतं. म्हणजे लूपचा खरा गेन, प्रतिसादाचा जोर, हा तुम्ही सेटिंगमध्ये भरलेला गेन गुणिले ग्रिडचा इम्पिडन्स. मजबूत ग्रिडसाठी ट्यून केलेला गेन तसाच ठेवला आणि लाइन ट्रिप होऊन इम्पिडन्स दुप्पट झाला की लूपचा गेन आपोआप दुप्पट, तुम्ही सेटिंगला हातही लावलेला नाही. मग व्होल्टेज हवं त्यापेक्षा जास्त उचललं जातं, इन्व्हर्टर करंट मागे घेतो, मोजायला आणि फिल्टर करायला थोडे मिलिसेकंद जातात तेवढ्यात व्होल्टेज परत पडलेलं असतं, परत वाढवा परत काढा, आणि डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे विरवण्याची ताकद, कमी असेल तर हे थांबतच नाही. त्यात पीएलएलही त्याच हलत्या व्होल्टेजवरून फेज शोधत असतो, म्हणजे आपल्याच करंटने हललेलं व्होल्टेज बघून आपलाच करंट ठरवतो.

एईएमओच्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं. सगळ्या लाइन चालू असताना ठीक, पण या भागातली २२० केव्हीची एखादी महत्त्वाची लाइन फॉल्ट होऊन गेली तर नंतर व्होल्टेजचे हेलकावे, सेकंदाला साधारण ७ वेळा, आणि ते विरत नव्हते. आता ७ हर्ट्झ हा आकडा पॉवर क्वालिटीवाल्याला लगेच खटकतो. दिव्याच्या लुकलुकण्याला माणसाचा डोळा सगळ्यात जास्त संवेदनशील असतो तो ८.८ हर्ट्झच्या आसपास, तिथे २३० व्होल्टच्या साध्या बल्बवर पाव टक्का व्होल्टेज हललं तरी जाणवायला लागतं, फ्लिकरमीटरचं सगळं मोजमाप याच गोष्टीवर बेतलेलं आहे. म्हणजे हे हेलकावे ग्राहकाच्या घरातल्या दिव्यात दिसणारे, आणि वाढले तर प्रोटेक्शन चालवून आणखी निर्मिती घालवणारे. दोन्ही वाईट.

आधी का नाही दिसलं

दोन कारणं. एक तर प्रत्येक फार्मचा अभ्यास स्वतंत्र, त्या वेळी शेजारी कोण येणार आणि तो काय सेटिंग लावणार हे पूर्ण माहीत नसायचं. दुसरं म्हणजे मॉडेल. नेहमीचे स्टॅबिलिटी स्टडी आरएमएस मॉडेलवर होतात, त्यात ५० हर्ट्झची वेव्ह दिसत नाही, तिचा फक्त आकार दिसतो, आणि पीएलएल, करंट लूप असे भाग सरळ करून टाकलेले असतात. फिरत्या जनरेटरसाठी ते दशकानुदशकं पुरलं कारण त्याचं वागणं लोखंड आणि तांब्याने ठरतं. इन्व्हर्टरचं वागणं कोडने ठरतं. त्यामुळे ईएमटी मॉडेल लागतं, पीएससीएडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मायक्रोसेकंदांच्या पावलाने चालणारं, आणि त्यात कंपनीचा खरा कंट्रोल कोड बसवलेला. अख्ख्या भागाचं असं मॉडेल चालवायला कॉम्प्युटर तासन्‌तास गुंतून राहतो, पण दुसरा इलाज नाही.

ऑस्ट्रेलियाला ही सवय लागली त्याला मागचा एक मोठा धक्का होता. २८ सप्टेंबर २०१६ ला वादळात दक्षिण ऑस्ट्रेलिया अख्खं राज्य अंधारात गेलं, टॉवर पडले, थोड्या वेळात लागोपाठ फॉल्ट आले, आणि काही विंड फार्मच्या कंट्रोलमध्ये अशी मर्यादा होती की ठराविक वेळात व्होल्टेजचे इतके डिप, म्हणजे क्षणिक घसरणी, आले की आउटपुट कमी करायचं. त्यातून ४५६ मेगावॅट गेले आणि मग शेजारच्या राज्याला जोडणाऱ्या इंटरकनेक्टरवर सगळा भार येऊन तो तुटला. ती मर्यादा ऑपरेटरला दिलेल्या मॉडेलमध्ये नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले, तपशीलवार मॉडेल मागायला सुरुवात झाली, सिस्टिम स्ट्रेंथचा, म्हणजे ग्रिडच्या मजबुतीचा, हिशोब कनेक्शनच्या आधी द्यायला लागला. वेस्ट मरेचा धोका प्रत्यक्षात कोणाचे दिवे लुकलुकायच्या आधी मॉडेलमध्ये पकडला गेला याचं श्रेय त्या बदलांना आहे, आणि ते द्यायला पाहिजे.

निम्म्यावर आणायचा निर्णय

या निर्णयावर खूप टीका झाली. फार्मच्या मालकांचं म्हणणं साहजिक होतं, आम्ही सगळे नियम पाळले, कर्ज काढलं, आणि आता ऐन उन्हाळा तोंडावर असताना निम्मं उत्पन्न बंद. त्याच भागात ट्रान्समिशन लॉसचे फॅक्टर आधीच घसरलेले, म्हणजे जे युनिट विकलं जात होतं त्याचेही पैसे कमी. रांगेत उभे असलेले नवे प्रकल्प अडकले. तरी मला एईएमओचा निर्णय बरोबर वाटतो, कारण दुसरा पर्याय होता तो लाइन ट्रिप व्हायची वाट बघण्याचा, आणि ग्रिड ऑपरेटरला तो पर्याय नसतो.

इथे एक बारकावा आहे तो नीट समजून घ्यायला हवा. आउटपुट अर्धं करणं आणि निम्मे इन्व्हर्टर बंद करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर इन्व्हर्टर प्रत्येकी अर्ध्या ताकदीवर चालवले तर मेगावॅट निम्मे झाले, पण शंभर व्होल्टेज लूप अजून ग्रिडला जोडलेलेच आहेत आणि डुलायला तयार आहेत. म्हणून या भागातल्या ऑपरेटिंग मर्यादांमध्ये एकाच वेळी किती इन्व्हर्टर जोडलेले चालतील हा आकडाही आला. शहाणपणाची गोष्ट आहे ही.

सेटिंग बदलणं म्हणजे काय करणं

एईएमओ, नेटवर्क कंपन्या, फार्मचे मालक आणि एसएमए एकत्र बसले. पाचही ठिकाणी इन्व्हर्टर एकाच कंपनीचे होते हे एका अर्थाने बरं झालं, एका टेबलावर प्रश्न सुटू शकला, पाच कंपन्या असत्या तर कोण आपला कोड कोणाला दाखवणार यावरच महिने गेले असते.

अशा वेळी ट्यूनिंगमध्ये हाताशी काय काय असतं ते सांगतो. व्होल्टेज लूपचा गेन, तो कमी केला की डॅम्पिंग सुधारतं पण फॉल्टनंतर व्होल्टेजला आधार सावकाश मिळतो. पीएलएलचा वेग, तो कमी केला तर शेजाऱ्याच्या हेलकाव्यांमागे पळत नाही, पण खरोखर फेज उडी मारते तेव्हा मागे पडतो. फॉल्ट राइड-थ्रू, म्हणजे फॉल्टमध्येही ग्रिडला जोडून राहायचा मोड, कधी सुरू आणि कधी संपवायचा त्याचे उंबरठे, हे दोन जवळ जवळ असले तर इन्व्हर्टर त्या मोडमध्ये आत-बाहेर करत राहतो आणि ते आत-बाहेर करणंच ऑसिलेशन होऊन बसतं. डिपमध्ये रिअॅक्टिव्ह करंट किती जोराने द्यायचा, आणि फॉल्ट गेल्यावर अॅक्टिव्ह पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष मेगावॅट, किती वेगाने परत आणायची. यातला एकही नॉब फुकट नाही, इकडे सुधारलं की तिकडे काहीतरी सोडावं लागतं, म्हणून एका फार्मचं ट्यूनिंग एकट्याने करून भागत नाही, पाचांचं एकत्र मॉडेलमध्ये चालवून, सगळ्या महत्त्वाच्या लाइन एकेक करून ट्रिप करून बघावं लागतं. आणि मॉडेलमध्ये जे पास झालं तेच फर्मवेअर, तीच आकड्यांची फाइल प्रत्यक्ष इन्व्हर्टरमध्ये गेली आहे ना हेही जागेवर चाचणी करून बघावं लागतं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण घोळ इथेच होतात.

एप्रिल २०२० मध्ये चाचण्या व्यवस्थित झाल्या आणि पाचही फार्मवरचं ते बंधन काढलं गेलं.

याच भागातला किआमल सोलर फार्म बघा म्हणजे या कामाची किंमत कळेल. ऊयेनजवळचा २५६ मेगावॅट पीकचा हा प्रकल्प, त्याला सिस्टिम स्ट्रेंथसाठी १९० एमव्हीएचा सिंक्रोनस कंडेन्सर बसवावा लागला. म्हणजे टर्बाइन नसलेलं, नुसतं फिरत राहणारं अजस्र मशीन, फाउंडेशन, कूलिंग, मेंटेनन्स, आणि फिरत ठेवायला लागणारी वीज सगळं आलं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, फॉल्ट लेव्हल खरोखर वाढवायची तर त्यासारखं काही नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये डेव्हनपोर्ट आणि रॉबर्ट्सटाउनला असे चार बसवले आणि त्यामुळे गॅसची केंद्रं कमी संख्येने चालू ठेवून भागायला लागलं. पण जे काम सेटिंगने होतं त्यासाठी आधी सेटिंग बघा, मशीनची ऑर्डर नंतर द्या.

पुढे काय झालं

गोष्ट इथे सुखाने संपली नाही. २०२० च्या उत्तरार्धापासून त्याच भागात वेगळे हेलकावे दिसायला लागले, यावेळी १५ ते २० हर्ट्झच्या पट्ट्यात, अधूनमधून, आकाराने लहान, आणि कुठल्याही लाइन ट्रिपशिवाय. म्हणजे ट्यूनिंगने एका वारंवारतेचा प्रश्न मिटला तरी ग्रिड कमजोर ते कमजोरच राहिलं आणि इन्व्हर्टरची संख्या वाढत गेली. मोजमाप करणारी यंत्रं नीट बसवलेली असली तरच असे हेलकावे सापडतात, दहा मिनिटांची सरासरी घेणाऱ्या मीटरला यातलं काही दिसत नाही.

म्हणून आता तिथे मुळावरच काम चाललंय. प्रोजेक्ट एनर्जीकनेक्ट ही दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि न्यू साउथ वेल्सला जोडणारी लाइन, त्यात बुरोंगाला आणि डिनावानला सिंक्रोनस कंडेन्सर आहेत. आणि केरांगजवळ कूरांगी इथे १८५ मेगावॅटची बॅटरी, जिचे इन्व्हर्टर ग्रिड-फॉर्मिंग आहेत, म्हणजे ते ग्रिडची फेज शोधत बसत नाहीत, स्वतःच व्होल्टेज उभं करतात आणि बाकीचे त्याच्याकडे बघून चालतात. मला यात सगळ्यात जास्त आशा वाटते, कारण बॅटरी तशीही बसवायचीच आहे, तिचा कंट्रोल या पद्धतीचा घेतला तर सिस्टिम स्ट्रेंथ बरीच स्वस्तात पदरात पडते. मर्यादा एवढीच की इन्व्हर्टर हा मशीनसारखा पाच-सहा पट फॉल्ट करंट देऊ शकत नाही, त्याचे सेमीकंडक्टर तेवढं सहन करत नाहीत.

आपल्याकडे

भारतात सीईएच्या, म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या, कनेक्टिव्हिटी नियमांत २०१९ च्या दुरुस्तीनंतर लो व्होल्टेजबरोबर हाय व्होल्टेज राइड-थ्रूही आलं, हार्मोनिक्स, फ्लिकर, डीसी इंजेक्शन अर्ध्या टक्क्याच्या आत, पॉवर फॅक्टर ०.९५ लॅग ते ०.९५ लीड, सगळं लिहिलेलं आहे. तरी राजस्थानच्या सोलर पट्ट्यात २०२२ पासून एका झटक्यात १००० मेगावॅटपेक्षा जास्त निर्मिती जाण्याच्या घटना वारंवार झाल्या. एकेका प्लांटने नियम पाळणं आणि सगळ्यांनी मिळून नीट वागणं यातलं अंतर तिथेही तेच आहे.

महाराष्ट्रात चित्र वेगळ्या मापाचं आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत छोटे छोटे प्लांट ३३/११ केव्ही सबस्टेशनला जोडले जातायत, शेतीपंपाचे फीडर दिवसा त्यावर चालावेत म्हणून. योजना चांगली आहे, दिवसा वीज मिळणं ही शेतकऱ्याची खरी गरज आहे. पण वेस्ट मरेचे आकडे इथे जसेच्या तसे उचलू नका. २२० केव्हीवर लाइनचा रिअॅक्टन्स रेझिस्टन्सपेक्षा कितीतरी जास्त असतो म्हणून रिअॅक्टिव्ह पॉवरने व्होल्टेज चांगलं हलतं, ११ केव्हीच्या बारीक तारेच्या लांबलचक लाइनवर रेझिस्टन्सच मोठा, तिथे रिअॅक्टिव्ह पॉवरचा परिणाम कमी आणि अॅक्टिव्ह पॉवर सोडली की व्होल्टेज सरळ वर जातं. दुपारी पंप बंद असताना फीडरवर व्होल्टेज चढणं आणि पंप चालू झाले की शेवटच्या पोलवर पडणं, हा इथला खरा प्रश्न, आणि इन्व्हर्टरला नुसतं युनिटी पॉवर फॅक्टरवर, म्हणजे फक्त मेगावॅट देत, ठेवून तो सुटणार नाही. व्होल्ट-वार मोड, म्हणजे व्होल्टेज बघून रिअॅक्टिव्ह पॉवर कमीजास्त करणारा, चालू करायला हवा, आणि त्याचा उतार त्या सबस्टेशनच्या फॉल्ट लेव्हलप्रमाणे ठरवायला हवा, कंपनीतून आला तसा ठेवून नाही.

आणि एक परिस्थिती मुद्दाम तपासायला हवी. ब्रेकडाउनमध्ये आपल्याकडे सबस्टेशन दुसऱ्या ३३ केव्ही लाइनवरून, कधीकधी फार लांबून फिरवून चालवतात. त्या वेळी फॉल्ट लेव्हल कोसळलेली असते आणि सोलर मात्र जुन्याच सेटिंगवर पूर्ण ताकदीने चालू. प्लांटचा अभ्यास नेहमीच्या लाइनवर झाला असेल तर तो अर्धाच झाला. अशी फिरवाफिरवी झाल्यावर किती मेगावॅट आणि किती इन्व्हर्टर चालू ठेवायचे, व्होल्ट-वारचा उतार किती ठेवायचा, हे आधी काढून, त्या सबस्टेशनच्या ऑपरेटरच्या हातात एका पानावर द्यायला हवं, आणि इन्व्हर्टरचं फर्मवेअर बदललं की ते पान परत तपासायला हवं.